शिकंदर सरांचं कापडी चिलखत

शाळेच्या भरल्या मैदानात, हजारभर माणसांसमोर, ‘पोतराज आला रे!’ असं ओरडणारा माणूस मी होतो. बावीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. विषय निघालाच तर ‘गर्दीतून कुणीतरी ओरडलं’ असं म्हणायचो, आणि तसं म्हणताना माझा आवाज कधी अडखळला नाही. ज्यांच्याकडे बघून मी ओरडलो ते आमचे चित्रकलेचे शिक्षक. मुलं त्यांना शिकंदर सर म्हणत. त्यांनी माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं. केलं असेल तर एवढंच, की एकदा ते बरोबर होते आणि मी चूक होतो.

आमची शाळा राहात्याच्या अलीकडे. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. मी इतिहास शिकवायचो. वय सव्वीस-सत्तावीस, घरची बागाईत, नोकरी कायम झालेली. शिकंदर सर माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठे, जामखेडकडच्या एका कोरड्या गावातले, आणि नोकरीत हंगामी. एप्रिलअखेर त्यांची नेमणूक संपायची. जूनमध्ये पुन्हा कागद मिळतो की नाही, याची ते उन्हाळाभर वाट बघायचे. त्यांच्या जातीचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासोबत चहा व्हायचा, घरी मात्र त्यांना कुणी बोलवत नसे. मीही नाही.

त्यांची आठवण निघाली की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते ती त्यांची मापं घेण्याची खोड. खिशात कायम गाठी मारलेली सुतळी. बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर वीत ठेवायचे, दंडाभोवती बोटं फिरवायचे. एकदा शिक्षकांच्या सभेत हेडमास्तर वेळापत्रकाबद्दल बोलत होते. शिकंदर सर उठून मागून गेले आणि हेडमास्तरांच्या छातीभोवती सुतळी टाकली.

“अहो, हे काय चाललंय?” हेडमास्तर दचकले.

“काही नाही सर. चाळीस इंच. सेनापतीची छाती आहे तुमची.”

हेडमास्तर रागवायचे ते हसले. त्या माणसाच्या बोलण्यात थट्टा नसायची, म्हणून राग येत नसे.

हा सगळा खटाटोप संमेलनासाठी होता. आमच्याकडे दरवर्षी संमेलनात एक ऐतिहासिक देखावा असायचा. संस्थेचे अध्यक्ष यायचे, आसपासच्या गावांतली माणसं बैलगाड्या जुंपून यायची. त्या वर्षी शिकंदर आणि पोरसाची लढाई ठरली. लिहिण्याचं काम माझ्याकडे. मी नेहमीप्रमाणे चंदेरी कागदाचे टोप आणि लाकडी तलवारी धरून चाललो होतो. शिकंदर सर म्हणाले, “या वेळी खरं करू. त्या शिपायाच्या अंगावर जे होतं तेच आपल्या पोरांच्या अंगावर घालू.” हेडमास्तरांनी मान डोलावली. वर असंही म्हणाले की, देखावा चांगला झाला तर तुम्हाला कायम करण्याचा विषय अध्यक्षांच्या कानावर घालतो. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना, आणि मुलांनी त्यांचं नाव शिकंदर ठेवलं.

शनिवारी शाळा सुटली की ते एसटीनं नगरला जात. तिथल्या एका जुन्या वाचनालयात त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. त्यात ग्रीकांच्या रंगवलेल्या मडक्यांची चित्रं होती आणि त्या मडक्यांवर शिपाई होते. पातळ कागद ठेवून ते शिपाई उतरवून आणत. इंग्रजी त्यांना फारसं येत नसे, म्हणून चित्राखालचा मजकूरही अक्षर न अक्षर चित्रासारखा काढून आणत आणि सोमवारी माझ्यापुढे धरत. “सर, एवढं सांगा. हे काय म्हणतंय?” मी पाय टेबलावर टाकून अर्थ सांगायचो. ते उभ्यानं लिहून घ्यायचे.

त्या मजकुरातूनच चिलखताचा शोध लागला. ग्रीक शिपायांची चिलखतं कापडाचीही असत, जवसाच्या धाग्याच्या कापडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली. जवसाचं कापड आमच्याकडे कुठलं! त्यांनी मांजरपाट घेतला. मुलांकडून पोत्यानं चिंचोके गोळा करवले, ते भाजले, कुटले, शिजवून त्यांची खळ केली आणि उंदीर-झुरळांनी खाऊ नये म्हणून तीत मोरचूद घातला. चित्रकलेच्या वर्गात तो वास महिनोन्‌महिने होता. शाळेचा शिपाई कुरकुरायचा, “मास्तर, शाळा हाय का कांजीघर? लई वास मारतोय.” हे म्हणायचे, “वास नाही रे बाबा, तो लढाईचा वास आहे.” एकावर एक पंधरा-सोळा थर, वर दगडी पाटा, मग गच्चीवर ऊन. वाळलं की बोटानं वाजवायचे. फळीसारखा आवाज यायचा.

पहिलं चिलखत झालं तेव्हा ते त्यांनी गवताच्या पोत्यावर बांधलं आणि माझ्या हातात विळा दिला.

“मारा सर.”

“अहो, फाटेल. महिन्याची मेहनत तुमची.”

“फाटलं तर फाटलं. तुमच्या हातानं फाटलेलं चालंल मला. मारा.”

मी जोर लावून मारला. विळ्याचं टोक दोन-तीन थरांत रुतलं आणि अडकलं. शिकंदर सर लहान पोरासारखे नाचले. “कापड हाय हो सर, कापड!” एरवी ते बोलण्यात फार जपून असत. ‘आहे’चं ‘हाय’ झालं की समजावं, माणूस आतून हललाय.

बारा शिपायांचे साज त्यांनी केले. ढालींसाठी बुरुडाकडून वेताचे मोठे गोल विणून घेतले आणि त्यांवर कातडं ताणलं. टोपांवरचे तुरे घायपाताच्या तंतूंचे, तांबडे रंगवलेले. सेनापतीचा एक टोप मात्र खरा पितळी, एका फुटक्या घागरीतून नगरच्या तांबटाकडून ठोकून आणलेला. त्याला गालांवर येणारे पाखे होते. तो घातला की डोळे आणि तोंडाची फट तेवढी दिसे. वहाणांच्या दोऱ्या ते स्वतः वळत. धोतर मांडीवर सारून, घायपाताचे तंतू तळहातानं मांडीवर लोळवत, बघता बघता वीतभर दोरी व्हायची. एका रविवारी वर्गात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “कुठं शिकलात हो हे?”

हात थांबले. दोरी त्यांनी बाजूला ठेवली. मग त्यांनी पातळ कागदावरचा एक शिपाई काढून माझ्यापुढे ठेवला.

“सर, याच्या कंबरेला काय आहे बघा.”

चिलखताखाली कंबरेभोवती सुट्या पट्ट्यांचा घेर होता. पळताना मांड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून तशा पट्ट्या असत, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

“माझ्या बापाच्या कंबरेला हेच हुतं,” ते म्हणाले. “खणाच्या चिंध्या. पायांत चाळ, डोईवर जट. बाप पोतराज हाय माझा. अजून हिंडतो. आई देव्हारा डोक्यावर घेऊन ढोलकं वाजवायची, बाप उघड्या अंगावर कोरडा ओढायचा आन् मी म्होरं सूप धरायचो. मलाबी एक बारका कोरडा केलता त्यानं, वळायलाबी त्यानंच शिकवलं. आठ वर्षांचा असताना मास्तरांनी मला शाळेत वढून न्हेलं, म्हणून सुटलो.”

मी तो कागद हातात घेतला.

“ते पुस्तक उघडलं आन् पहिल्यांदा ह्यो दिसला. तसाच घागरा, तशाच उघड्या मांड्या. पन सर, ह्याला कुनी हसत न्हाई. ह्याला शिपाई म्हनत्यात. मडक्यावर रंगवून ठिवलाय.” मग त्यांनी स्वतःला सावरलं, बोलणं पुन्हा पुस्तकी झालं. “हे शाळेत कुणाला सांगू नका सर. जात माहीत आहे लोकांना, त्याचं काही नाही. पण हे कळलं तर पोरं मला फळ्यापुढे उभं राहू देणार नाहीत.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. त्या क्षणी तो खोटा नव्हता. ही गोष्ट मला स्वतःच्या बाजूनं सांगता येईल तेवढीच.

पुढच्याच महिन्यात मी दहावीच्या वर्गात शिकंदराची स्वारी शिकवत होतो. ग्रीक सैनिक नखशिखान्त लोखंडी चिलखतात असत, असं मी ठोकून दिलं. हेडमास्तर वर्गपाहणीला मागच्या बाकावर बसले होते, आणि शिकंदर सर मुलांची मापं घ्यायला दारात उभे होते. ते अगदी सहज म्हणाले, “नाही सर, कापडाचीसुद्धा असत. तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं की.” वर्ग हसला. हेडमास्तरही हसले आणि बाहेर पडताना म्हणाले, “इतिहासाचा तासही आता यांनाच द्यावा म्हणतो.” गंमतच होती ती. शिकंदर सर संध्याकाळी माझ्याकडे आले, “चुकलं माझं, वर्गात बोलायला नको होतं,” असं दोनदा म्हणाले. मी म्हणालो, “त्यात काय एवढं.” पण ते मनात धरलं. रोज थोडं थोडं उगाळत राहिलो.

संमेलनाच्या आधी आठ दिवस, ज्या थोराड मुलाला सेनापती करायचं होतं त्याच्या घरचे लोक दुष्काळी कामावर निघून गेले आणि त्यालाही घेऊन गेले. सेनापतीचा साज दुसऱ्या मुलाच्या अंगाला बसेना. मी म्हणालो, “तुम्हीच घाला सर.”

“छे छे. मी बनवणारा. मी कशाला घालू?”

“तुमच्याइतकं ते चालणं-वळणं कुणाला येतंय? अध्यक्ष येणार आहेत. त्यांना कळू दे, हे कुणाचं काम आहे ते.”

मी हे त्यांच्या भल्यासाठी म्हणालो की मला तेव्हाच काही दिसत होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, दिसत होतं.

संमेलनाच्या संध्याकाळी पोरसाचं सैन्य आलं, गेलं. मग पडद्यामागून शिकंदर सर निघाले, मागे अकरा मुलं. वाद्यं थांबलेली होती. पितळी टोप, तांबडा तुरा, छातीवर पांढरं ताठ चिलखत, डाव्या हातात ढाल, उजव्या हातात दोन पुरुष उंचीचा भाला. कंबरेभोवतीच्या पट्ट्या पावलागणिक हलत होत्या. ते मैदानाच्या मध्यावर येऊन उभे राहिले आणि हजार माणसं गप्प झाली. खरोखर गप्प. अध्यक्ष खुर्चीत पुढे झुकले होते. मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं, आणि ते माझं नव्हतं.

तेव्हा पुढच्या रांगेशेजारच्या अंधारातून मी ओरडलो. “अरे, पोतराज आला रे!”

आधी दहावीची पोरं फुटली. मग मागचा जमाव. “कोरडा कुठाय रं?” “बायको कुठं ठिवली?” “देव्हारा इसरला जनू!” अध्यक्ष रुमाल तोंडाला लावून खांदे हलवत होते. बँडमधल्या कुणीतरी ढोलावर ती पोतराजाची चाल धरली आणि लोक टाळ्यांनी साथ करू लागले. एक पाच पैशांचं नाणं येऊन त्यांच्या ढालीवर वाजलं. मग आणखी एक.

शिकंदर सर हलले नाहीत. टोपाच्या पाख्यांमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याचं मला बरं वाटलं. त्यांनी भाला वर केला, मुलांना हुकूम दिला आणि ठरलेली सगळी कवायत शेवटपर्यंत केली. ढाली जोडणं, भाले आडवे करणं, चाल, वळण, माघार. अकरांतली चार पोरं हसत होती. ते प्रत्येक हुकूम त्याच आवाजात देत राहिले. ढोल वाजतच होता.

दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात शिरले की बाकांवर बोटांची ढोलकी सुरू व्हायची. फळ्यावर घागरा घातलेला माणूस काढलेला असायचा. ते पुसायचे आणि शिकवायला लागायचे. एकदा तर त्या चित्रातला हात चुकलेला होता, तो त्यांनी दुरुस्त केला आणि मग पुसला. कोपऱ्यात ठेवलेल्या चिलखतांच्या पट्ट्या पोरांनी ओढून तोडल्या आणि कंबरेला बांधून पटांगणात नाचली. मी खिडकीतून पाहत होतो. मी इतिहासाचा शिक्षक होतो, एका शब्दानं त्यांना थांबवू शकलो असतो.

आठवड्यानं हेडमास्तरांनी मला बोलावलं. “अहो, हे पोतराज प्रकरण काय आहे? गावात लोक काहीबाही बोलतायत. त्यात काही तथ्य आहे का?”

इथं तर गर्दी नव्हती, हशा नव्हता. मी शांतपणे म्हणालो, “त्यांचे वडील खरंच पोतराज आहेत. अजून मागत फिरतात. मला त्यांनीच सांगितलं.”

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. “अरेरे,” म्हणाले. “अध्यक्षांना आता काय तोंडानं सांगू, यांना कायम करा म्हणून?” मला वाटलं होतं, ते मला विचारतील की तुम्ही हे मला का सांगता आहात. त्यांनी विचारलं नाही.

एप्रिलअखेर शिकंदर सरांची नेमणूक संपली. निघताना ते माझ्या खोलीवर आले. दारात उभे राहिले, मी आत या म्हणालो तरी आले नाहीत. हातात वळकटी होती. “सर, एकच विचारायचं होतं. तुम्ही पुढंच उभे होता. त्या दिवशी पहिल्यांदा कोण ओरडलं, कळलं का हो तुम्हाला?”

“नाही,” मी म्हणालो. “गर्दीतून कुणीतरी.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. जूनमध्ये त्यांचा कागद निघाला नाही.

पुढे मी त्याच शाळेत उपमुख्याध्यापक झालो. ही हकिकत मी अनेकदा सांगितली, आणि लाज वाटते सांगायला, विनोदी किस्सा म्हणून सांगितली. चिंचोक्याची खळ, हेडमास्तरांची छाती, गर्दीतला आवाज. लोक पोट धरून हसायचे. गेल्या वर्षी एका नव्या शिक्षिकेनं सगळं ऐकून घेतलं आणि न हसता विचारलं, “मग त्या सरांचं पुढे काय झालं?” मला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत मी ते शोधलंही नव्हतं.

शोधायला अवघड गेलं नाही. जामखेडजवळच्या त्यांच्या गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी संसार केला होता. शाळेत नोकरी पुन्हा मिळाली नाही. दोन ठिकाणी मिळत होती, पण आमच्या शाळेकडे चौकशी झाली आणि बारगळली. वडील वारले होते. केस पूर्ण पांढरे, बोटांना रंग लागलेला. त्यांनी मला ओळखलं, बाजेवर बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. ओरडलो ते मी. हेडमास्तरांना सांगितलं तेही मी.

ते रंगाचा हात फडक्याला पुसत राहिले.

“आवाज ओळखला हुता मी तुमचा,” ते म्हणाले. “वर्षभर रोज ऐकलेला आवाज, टोपात काय कमी ऐकू येतंय? दारात आलो हुतो ते तुमी काय म्हनता ते बघायला. तुमी व्हय म्हनला असता तर मी तितंच सोडून दिलं असतं सर.”

“माफ करा मला,” मी म्हणालो आणि त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

“हितं नगं. हितं कोन हाय ऐकायला? माझी बायको ऐकंल, तिला ठावंच हाय. तुमी जितं वरडला तितं म्हना. पोरांच्या म्होरं. मी येनार न्हाई. बापाचं नाव घ्या तेवढं.”

चहा आला. मी तो घेतला आणि उठलो. ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले नाहीत.

पुढच्या सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी मैदानात माईकपुढे उभा राहिलो. समोर आठशे मुलं. त्या संमेलनाच्या वेळी त्यांतलं एकही जन्मलेलं नव्हतं. मी सरांचं आणि त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं. काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, आणि मी ओरडलो तो शब्द जसाच्या तसा उच्चारला. आठवीच्या रांगेत हशा पिकला. तो पसरत मागच्या रांगांपर्यंत गेला. एक शिक्षक पोरांना गप्प करायला धावले, त्यांना मी हातानं थांबवलं. हसू संपेपर्यंत उभा राहिलो.

मग मी म्हणालो, “लोक असेच हसले होते. त्यांना हसवणारा मी होतो. सरांनी विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी ऑफिसात जाऊन सांगितली. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. ते माझ्यापेक्षा चांगले शिक्षक होते आणि ते मला सहन झालं नाही. मी त्यांची माफी मागतो. त्यांच्या वडिलांचीही माफी मागतो.”